शमशुद्दीनभाईंचं ‘म्हणे’

या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या तालमीचे कारभारी माननीय सयाजीराव साळोखे. माझ्या उजव्या हाताला बसलेले, गुळाच्या सौद्यात ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं भाव हलतो असे अडते केरबाराव. डाव्या हाताला बसलेले, आणि बसल्यावरही उभ्या माणसाएवढे दिसणारे आपल्या तालमीचे वस्ताद पिराजी. मधल्या खुर्चीत अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती शमशुद्दीन पिंजारी. त्यांना न्यायला गडहिंग्लजहून आलेल्या त्यांच्या कन्या मेहरुन्निसा. मागच्या बाजूला बसलेल्या माताभगिनी, आणि दारात उभी राहून ‘आम्ही काय ऐकत न्हाय’ असं भासवणारी सगळी मंडळी,

अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. अध्यक्ष महाराज, तुम्ही माझ्या वर्गात बसला होता. दोन शब्दांत मी कधी थांबलो होतो का? मराठी शाळेत मी आयुष्यभर कविता शिकवली. एक श्लोक सुरू केला की घंटा होईपर्यंत मला जाग यायची नाही. आता म्हातारपणी तर घंटाही नाही. तेव्हा ज्यांना म्हशीची धार काढायला जायचं आहे त्यांनी खुशाल उठावं, मी मनाला लावून घेणार नाही.

सभेत काही पाहुणे बाहेरगावचे आहेत. त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की आज आपण कुणा हुद्देदाराला निरोप देत नाही. शमशुद्दीनभाई कापूस पिंजतात. पण वीस-पंचवीस वर्षं झाली, रोज सकाळी पिंजण खांद्याला लावायच्या आधी ते आपल्या तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसतात, आणि मेलगाडीनं आलेली मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचतात. ज्याला वाचता येत नाही त्यानं ऐकायचं. ज्याला येतं, त्यानंही ऐकायचं. मला वाचता येतं, हे तुम्ही मान्य कराल. तरी मी घरी वर्तमानपत्र उघडलेलं मला आठवत नाही. गावात पाणी जसं एकाच विहिरीचं गोड लागतं, तशी वार्ता मला त्यांच्याच तोंडची गोड लागते.

आणि आज सकाळी काय झालं? तुमच्यापैकी पुष्कळजण तिथं होते. त्यांनी नेहमीसारखं सगळं वाचलं. शेवटी पत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि म्हणाले, “आता एक इथली वार्ता. शमशुद्दीन पिंजारी उद्या सकाळी पेठ सोडून कायमचा गडहिंग्लजला जाणार.”

एवढं बोलून ते थांबले.

कट्टाही थांबला. सगळे वाट बघत राहिले. भाजीची पाटी घेऊन उभ्या असलेल्या चिमणाबाई शेवटी बोलल्या, “चाचा, म्हणे न्हाय म्हटलं?”

घडी केलेलं पत्र त्यांनी काखेत घेतलं आणि उठून गेले.

मंडळी, सकाळपासून मला तेवढंच ऐकू येतंय. ‘म्हणे न्हाय म्हटलं?’ पाहुण्यांना वाटेल, एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलात? तेच सांगायला मी उभा आहे.

शमशुद्दीन आणि मी एका शाळेत होतो. शाळा म्हणजे देवळाची ओवरी, आणि पंतोजी म्हणजे एक पांढरी मिशी आणि एक चिंचेची छडी. अजूनही डोळे मिटले की मला ती ओवरी दिसते. बाहेर पिंपळाची पानं सळसळताहेत, आत आम्ही तीसभर पोरं एका सुरात आर्या म्हणतो आहोत, आणि सगळ्यांच्या वर शमशूचा आवाज, स्वच्छ, तुपात घोळल्यासारखा. तो म्हणताना डुलायचा. पंतोजी म्हणायचे, “शमशा, डुलू नकोस, वृत्त मोडेल.” वृत्त कधी मोडलं नाही.

एकदा शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. त्यांनी बोट नेमकं शमशूकडं केलं. “पृथ्वीचा आकार कसा?”

शमशू उभा राहिला. “गोल आहे, असं पंतोजी म्हणतात.”

“पंतोजी म्हणतात ते राहू दे. तू काय म्हणतोस?”

“मी अजून हातकणंगल्याच्या पलीकडं गेलो न्हाय, साहेब.”

पंतोजींनी छडी उचलली होती, पण दिपोटीसाहेब इतके हसले की ती तशीच खाली आली. मला वाटतं, पुढं जे घडलं त्याचं बी त्या दिवशीच पडलं.

कट्ट्यावरच्या वाचनाचा एक क्रम होता. पहिल्यानं विलायत. मग मुंबई-पुणं: सभा, गिरण्या, कुणाचं भाषण, कुणाचा निषेध. मग आपल्या दरबारचे हुकूम. हल्ली त्यात पोरं शाळेत न धाडणाऱ्या बापांच्या दंडाची वार्ता असते, आणि ती आली की दोघंतिघं उगाच पागोटं नीट करू लागतात. मग पाऊसपाणी, गुळाचा भाव, शेंगांचा भाव. आणि सगळ्यात शेवटी कुस्ती. मी एकदा विचारलं, “शमशू, लोक कुस्तीसाठी येतात. ती आधी का वाचत नाहीस?” तर म्हणाला, “आण्णा, कुस्ती आधी वाचली तर तुर्कस्तानाला कोण थांबतंय?”

असं सगळं जग आपल्या पेठेतल्या पैलवानांनी कुस्तीची वाट बघत बघत ऐकलं आहे. महायुद्ध चाललं होतं तेव्हाची गोष्ट. चिमणाबाई विचारायच्या, “चाचा, ती जर्मनी कुठल्या अंगाला म्हणायची?”

“मिरजेच्या पलीकडं, बाई.”

“मग बरीच लांब हाय. मी उगंच काळजी करत हुते.”

पत्रातली वार्ता दोन-तीन दिवसांची शिळी असायची. पण कट्ट्यावर ती कधी शिळी झाली नाही. जे आपल्याला आज कळलं ते आजच घडलं, असं मानायची आपली रीत. ती वाईट आहे असं मला वाटत नाही. कविता शिकवतानाही मी पोरांना हेच सांगायचो, की कवी केव्हाचाही असो, तू ऐकलीस ती सकाळ त्या कवितेची.

हां, ‘म्हणे’. महायुद्धाच्याही आधी एका सकाळी भाव वाचून झाला आणि शमशुद्दीननं पुढची ओळ घेतली, “करवीरचे गुळाचे प्रसिद्ध अडते रा. रा. केरबा हे अल्प आजारानें वारले.”

केरबाराव समोरच बसले होते. कट्ट्यासमोर म्हैस बांधून दूध विकणाऱ्या झुंबरबाईंनी, म्हणजे वस्तादांच्या आईनं, म्हशीखालचा फेसाळ पेला नुकताच त्यांच्या हातात दिला होता. ओठाला फेस तसाच, आणि ते म्हणाले, “व्हय? कधी?”

शमशुद्दीननं पत्रात पाहिलं. “गुरुवारी.”

“गुरुवारी तर मी सौद्यात हुतो की!”

केरबाराव, हसता काय, असंच झालं की नाही? तुमची मान हलते आहे, आभारी आहे.

आता कट्ट्यावर हा पेच पडला. छापलंय तर खोटं कसं म्हणायचं? आणि माणूस तर दूध पितोय. कुणी म्हणालं, पत्र फाडून टाका. कुणी म्हणालं, केरबाला चिमटा काढून बघा. शमशुद्दीननं सगळ्यांना हातानं थांबवलं, चष्मा सारखा केला आणि तीच ओळ पुन्हा, अगदी तशीच वाचली. फक्त शेवटी थोडं थांबला. “केरबा वारले… म्हणे.”

केरबारावांनी उरलेलं दूध संपवलं आणि म्हणाले, “हां. आता बरोबर.”

पुढं कळलं, वारले ते दुसरेच कुणी होते, नाव तेवढं एक. पण त्या दिवसापासून पत्रातल्या प्रत्येक वार्तेला त्यांनी ‘म्हणे’ लावलं. जर्मनी हटली, म्हणे. मुंबईत गिरण्या बंद, म्हणे. गूळ चढला, म्हणे. जे स्वतः पाहिलं असेल त्यालाच ते नसायचं. ‘पंचगंगेचं पाणी घाटाच्या पायरीला लागलं’ असं नुसतं म्हणाले की समजायचं, हे येताना बघून आलेत.

मी कवितेचा माणूस. मला त्यात गंमत वाटू लागली. आपल्या संतांच्या अभंगात शेवटी अमका म्हणे, तमका म्हणे असं येतं. ती त्यांची सही. हे मी सांगतो, माझ्या नावानं सांगतो. आणि आमच्या शमशुद्दीनचं ‘म्हणे’ अगदी उलटं. हे मी सांगत नाही, फक्त तुमच्यापर्यंत पोचवतो. एकच शब्द, एकीकडं सही आणि दुसरीकडं सही करायला नकार! आणि तो नकार तरी किती तऱ्हांचा. लढाईच्या वार्तेला ते लांबत जायचं. सरकारी हुकुमाला आखूड, जणू बुटातला खडा काढून टाकावा तसं. पावसाच्या वार्तेला त्यात थोडी आशा असायची. मी एकदा विचारलं, “खोटी वाटते ती वार्ता गाळत का नाहीस?” तो म्हणाला, “आण्णा, मी पिंजारी. कापूस मोकळा करून देतो. गादी कुणी कशाची भरायची ते ज्याचं त्यानं बघावं.”

याच शब्दानं एकदा आपल्या पेठेकडून मोठी चूक करवली. अशी चूक दुसऱ्या कुठल्या गावानं केली असती असं मला वाटत नाही. वस्ताद, आता मान खाली घालू नका. तुमचीच गोष्ट आहे, आणि मी तुमच्या परवानगीनं सांगतोय.

महायुद्धाच्या आधीची गोष्ट. पिराजी तेव्हा ऐन भरात होता. इंदुराकडच्या एका मोठ्या मैदानाचं बोलावणं आलं. समोर पंजाबचा नामी मल्ल. निघायच्या सकाळी तो कट्ट्यावर आला, सगळ्यांच्या पाया पडला, आईनं काढलेलं दूध प्यायला, आणि तरुण रक्त, शड्डू ठोकून बोलून गेला, “हरलो तर ह्या पेठंत पाय ठिवणार न्हाय!”

सगळ्यांनी आरोळी दिली. झुंबरबाईंनी मात्र दिली नाही. त्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. एकुलता एक मुलगा. पैलवान गावाचा असतो, पण मुलगा घरचा असतो. तो गेल्यावर त्या शमशुद्दीनला एवढंच म्हणाल्या, “भाई, कुस्तीचं आलं तर मला आदी हाक मारा. जिकल्याचं का हरल्याचं, ते मागनं.”

बारा-पंधरा दिवसांनी ते आलं. मी शमशुद्दीनच्या शेजारी बसलो होतो, म्हणून मला ती ओळ त्याच्याआधी दिसली. तो कुस्तीपर्यंत आला आणि झुंबरबाईंना हाक मारून थांबला. लोक पुढं सरकले. झुंबरबाईंचा धार काढायचा आवाज थांबला. त्यानं वाचलं, “कोल्हापूरचा पिराजी यास पंजाबी मल्लानें चीत केलें.”

मग त्यानं पत्र खाली घेतलं आणि म्हणाला, “म्हणे.”

मंडळी, मी सगळी वृत्तं शिकवली आहेत. पण दोन अक्षरांत इतकं मावतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं खोटं सांगितलं नाही. त्यानं खरंही सांगितलं नाही. त्यानं दार लोटलं, पण कडी घातली नाही.

आणि केरबाराव उभे राहिले! “हे तेच पत्र न्हवं?”

“तेच.”

“ह्याच पत्रात मी मेलतो की!”

झालं. कट्ट्यावर एकच गलका. खरंच की! ज्या पत्रात केरबा मेला आणि जिवंत निघाला, त्या पत्रात पिराजी हरला म्हणजे जिंकलाच असणार! याला तर्कशास्त्रात काय म्हणतात मला ठाऊक नाही. पण त्या सकाळी पेठेत त्याहून भक्कम तर्क कुणाकडं नव्हता. संध्याकाळपर्यंत फुलांचे हार सांगून झाले, हलगीवाल्यांना निरोप गेले. दोन दिवसांनी इंदुराहून तालमीच्या नावानं तार आली, ‘पिराजी निघाला’. जिंकून की हरून, ते तारेत नव्हतं. तारेत शब्द तोलून घालतात.

केरबाराव म्हणाले, “चला ठेसनावर!”

शमशुद्दीन म्हणाला, “जायचं तर हातकणंगल्याच्या ठेसनावर जाऊ.”

“का रं?”

“तिथं त्याची मावशी ऱ्हाती. तो तिथंच उतरंल.”

“जिंकलेला गडी मावशीकडं कशाला उतरंल?”

शमशुद्दीन दाढीत अडकलेला कापूस काढत होता. म्हणाला, “तिच्या हातचं खायला.”

मी त्याच्याकडं पाहिलं. मला कळलं, की ह्याला कळलंय. वाटेत मी हळूच विचारलं, “शमशू, खरं काय?” तो म्हणाला, “आण्णा, मी कुठं बघितलंय?” पण झुंबरबाईंना त्यानंच आग्रह करून बरोबर घेतलं होतं. त्यांच्या हातात दुधाची चरवी होती, तिच्यावर फडकं बांधलेलं. साऱ्या वाटेत त्यांनी ती खाली ठेवली नाही.

गाडी आली. आणि खरोखर, शेवटच्या डब्यातून, तेही उलट्या बाजूनं, डोक्यावरून कांबळं घेतलेला एक डोंगर खाली उतरला. गाडी निघून गेल्यावर आम्हाला तो दिसला आणि त्याला आम्ही दिसलो. हलगी कडाडली.

केरबाराव हार घेऊन रुळांवरून धावले. “आला रं आला! मान वाकीव, तुझ्या गळ्यापतूर हात पोचत न्हाय!”

“थांबा काका. कशाचा हार ह्यो?”

“इंदूर मारून आलास न्हवं?”

“हरलोय मी.”

“अरं, पत्रात आलं म्हणून तूबी खरं धरतोस व्हय?”

पिराजी म्हणाला, “काका, मी तिथं हुतो की.”

हलगी थांबली. केरबारावांच्या हातातला हार तसाच अधांतरी राहिला. आज आपण हसतोय. त्या वेळी कुणी हसलं नाही. तो गडी तिथं उभा होता, आणि त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. म्हणाला, “पाठ लागली माझी. बोललोय तसं वागणार. मावशीच्या शेतात राबीन, पर पेठंत पाय ठिवणार न्हाय. जावा तुम्ही.”

झुंबरबाई पुढं झाल्या. चरवी माझ्या हातात दिली, हो, माझ्या, आणि मुलाला म्हणाल्या, “फिर. पाठ दाव.”

“आये, काय बघतीस?”

“फिर म्हणते न्हवं?”

तो फिरला. त्यांनी कांबळं बाजूला केलं, पाठीवरनं हात फिरवला. “कुठं काय लागलंय? माझी म्हस रोज चिखलात पाठ लोळवती, तवा काय दूध द्यायचं सोडती व्हय? पी.” आणि चरवी माझ्या हातातून घेऊन त्याच्या तोंडाला लावली.

तो प्यायला. आईच्या हातचं कोण नाकारणार? पण पिऊन झाल्यावर तोंड पुसून म्हणाला, “दूध प्यालो. पर शबूद दिलाय. पेठंत येणार न्हाय.”

आता आई तरी काय करणार? पैलवानाचा शब्द. तो मोडला तर माणूस गावात आला काय अन् न आला काय, सारखंच. झुंबरबाई चरवीचं फडकं हातात पिळत उभ्या राहिल्या. सगळी पेठ रुळांत उभी, आणि कुणाला काही सुचेना.

तेव्हा शमशुद्दीन पुढं आला. काखेतलं पत्र काढलं. ते जुनंच होतं, पण त्यानं ते कट्ट्यावर उघडतो तसं दोन्ही हातांनी उघडलं, चष्मा सारखा केला आणि रोजच्या आवाजात वाचायला लागला. “हातकणंगलें, आजची वार्ता. कोल्हापूरचा पिराजी इंदुरास हरला.”

थांबला. आम्ही सगळे वाट बघत होतो. त्यानं ‘म्हणे’ म्हटलं नाही. कसं म्हणणार? ज्यानं पाहिलं होतं तो समोर उभा होता. पिराजीनं मान वर केली. मला वाटतं, आपलं हरणं कुणीतरी नीट, सरळ, न लाजता वाचलं, याचाच त्याला आधार वाटला असावा.

मग शमशुद्दीननं पुढची ओळ घेतली. “सदर पिराजी हा आतां आपल्या पेठेंत पाय ठेवणार नाहीं…”

आणि पत्राच्या वरनं त्याच्याकडं बघत म्हणाला, “म्हणे.”

पहिल्यांदा कोण हसलं सांगू? पिराजी. तो हसला तसं ते कांबळं खांद्यावरनं खाली पडलं. मग सगळे हसले. हलगीवाला म्हणाला, “एवढ्या लांब आलोय तर वाजवूनच जातो!” केरबारावांनी हार घातलाच. कशाबद्दल, ते कुणी विचारलं नाही. हरलेल्या पैलवानाची अशी मिरवणूक कुठं निघाली असेल? आपल्या पेठेत निघाली. आणि झुंबरबाई सगळ्यात पुढं, रिकामी चरवी डोक्यावर घेऊन.

पुढं पिराजीनं किती कुस्त्या मारल्या ते तुम्हाला पाठ आहे. ज्या हरला त्याही पाठ आहेत, कारण शमशुद्दीननं त्याही वाचल्या. पण पुन्हा कुणी हरून मावशीकडं उतरलं नाही. तालमीतल्या पोरांना वस्ताद आज काय सांगतात? ‘शड्डू ठोकून काय बोलायचं असलं तर मनातल्या मनात म्हणे लावून ठेवा.’ माझ्या साऱ्या कविता एका बाजूला आणि हे एका बाजूला.

झुंबरबाई आज नाहीत. असत्या तर ह्या समारंभात म्हैसच घेऊन आल्या असत्या.

मी या प्रसंगासाठी एक अभंग जुळवून आणला आहे. शाळामास्तराचा अभंग आहे, जाणकारांनी कान दुसरीकडं करावेत.

ऐकिलें तें सांगे । पाहिलें तें दावी ।
दोहोंस न गोवी । एकमेकीं ॥

अक्षर चुकलं असेल तर शमशुद्दीन नंतर सांगेलच, डुलत डुलत.

आता त्यांच्या जाण्याबद्दल. मेहरुन्निसाबेटी काल मला म्हणाली, “आण्णा, अब्बांना आता थंडीत कट्ट्यावर बसवू नका. कापसानं छाती भरलीय, दम लागतो त्यांना. तिकडं माझ्या डोळ्यांसमोर राहू देत.” तिचं चुकलं का? मुळीच नाही. बापाची काळजी करणाऱ्या मुलीपुढं आपल्या कट्ट्यानं हट्ट धरावा, हे शोभत नाही. म्हणून मी त्यांना राहा म्हणणार नाही. गडहिंग्लजच्या बाजारातही एक पार आहे, आणि तिथले लोक आत्तापासूनच विचारताहेत असं ती सांगते. तिकडं कानडी मिसळून बोलतात. मी चौकशी केली, तर आपल्या ‘म्हणे’ला कानडीत ‘अंते’ म्हणतात. म्हणे! म्हणजे शमशुद्दीनला म्हातारपणी नवीन यमक मिळालं.

इकडचं काय होणार, ही काळजी पुष्कळांनी बोलून दाखवली. परवा पत्रात होतं, तारेवाचून माणसाचा आवाज समुद्रापार नेणारं यंत्र निघालं आहे. मी ते ऐकलं आणि नेहमीप्रमाणे माझी तंद्री लागली. वाटलं, आपण नसू तेव्हा असा दिवस येईल, की कुणीतरी एक मुंबईत बसून सकाळी वाचील आणि ते एकदम कोल्हापुरात, गडहिंग्लजात, हुपरीच्या चांदीवाल्यांच्या भट्टीपाशी ऐकू येईल. विलायत, दरबार, पाऊस, भाव, कुस्ती, सगळं ओळीनं. केवढी गोड कल्पना! मी डोळे मिटून त्यात रमलो होतो. तेवढ्यात चिमणाबाई म्हणाल्या, “आनि त्या यंत्राला इच्यारलं, जर्मनी कुठल्या अंगाला, तर ते सांगंल का?” याचं उत्तर तुमच्याकडं आहे का?

तोवर उद्यापासून कट्ट्यावर वस्ताद पिराजी वाचणार आहेत. शमशुद्दीनभाईंनी त्यांना हळूहळू तयार केलंय. जोडाक्षर आलं की ते त्याला लोळवल्याशिवाय पुढं जात नाहीत, त्यामुळं तुर्कस्तानाला जरा वेळ लागेल. लोकांनी थांबावं. ‘म्हणे’ योग्य जागी पडतं की नाही, यावर चिमणाबाईंनी लक्ष ठेवावं.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आणि मधे एकदाच घड्याळ काढलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. केरबारावांनी स्वतःच्या मरणाची गोष्ट पुन्हा एकदा हसत ऐकून घेतली, वस्तादांनी हरण्याची गोष्ट सांगू दिली. ही मनं मोठी आहेत. पानसुपारी करणाऱ्या मंडळींचे, सतरंज्या घालणाऱ्या तालमीच्या पोरांचे, आणि मेहरुन्निसाबेटी, आजच्या दिवसापुरते वडील आमच्याकडं ठेवलेस म्हणून तुझे, मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून कुणाला काही कमीजास्त बोललं गेलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर त्या वाक्यापुढं आपापल्या मनानं ‘म्हणे’ घालून घ्यावं आणि मला मोकळं करावं.

एक काम राहिलं. सभेच्या वतीनं निरोपाची वार्ता जाहीर करायची आहे. ती आज सकाळी शमशुद्दीनभाईंनी स्वतः वाचली, पण मला वाटतं, वाचताना त्यांच्या हातून एक शब्द राहिला. चष्मा जुना झाला की असं होतं. शमशू, माझ्याकडं असा बघू नकोस. तू तुझ्या उद्याबद्दल बोललास, आणि उद्या तर तूही अजून बघितलेला नाहीस. तेव्हा ती मी पुन्हा वाचतो. सगळ्यांनी ऐकावी.

आपल्या पेठेचे शमशुद्दीन पिंजारी हे उद्या सकाळी पेठ सोडून कायमचे गडहिंग्लजला जाणार…

म्हणे.